लिनक्स पॅकेज व्यवस्थापक आणि वापरकर्त्यांचा अभिप्राय : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

लिनक्स प्रणालीवर आज्ञावली बसविणे, काढणे व अद्ययावत ठेवणे हे काम पॅकेज व्यवस्थापक करतो. त्यात कोणत्या सोयी असाव्यात, हे ठरविण्यासाठी त्याचे निर्माते वापरकर्त्यांचा अभिप्राय निरनिराळ्या मार्गांनी मिळवितात. प्रस्तुत लेखात मोजणी, मतदान आणि तक्रार-नोंद या तीन प्रमुख मार्गांची चिकित्सा केली आहे. परभणी जिल्ह्यासारख्या भागातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेचा आवाज या मार्गांनी कितपत पोहोचतो, हा या चिकित्सेचा केंद्रबिंदू आहे. पॅकेज व्यवस्थापक मराठीत बोलू लागला, पण मराठीत ऐकू लागला नाही, असे प्रतिपादन येथे केले असून महाविद्यालयाने मध्यस्थाची भूमिका घ्यावी असे सुचविले आहे.

बीजशब्द : मुक्त स्रोत, पॅकेज व्यवस्थापक, अभिप्राय, स्थानिकीकरण, ग्रामीण महाविद्यालय.

प्रास्ताविक

मुक्त स्रोत आज्ञावलींचे महत्त्व सांगताना 'स्वातंत्र्य' हा शब्द नेहमी वापरला जातो. आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे असे हे चतुर्विध स्वातंत्र्य होय. महाविद्यालयीन व्यासपीठांवरून होणाऱ्या भाषणांत या स्वातंत्र्याचा उल्लेख होतो आणि पुढे परवाना शुल्काची बचत किती होते, या मुद्द्यावर विवेचन संपते. परंतु स्वातंत्र्याचा आणखी एक पैलू आहे. वापरणाऱ्याने 'मला हे हवे आहे' किंवा 'हे मला अडचणीचे होते' असे म्हटले, तर ते ऐकले जाण्याची व्यवस्था आहे काय? ज्याला आज्ञावलीचा मूळ संकेत वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने बदलण्याचे स्वातंत्र्य हे प्रत्यक्षात सांगण्याच्या स्वातंत्र्यावरच अवलंबून असते. म्हणूनच अभिप्राय मिळविण्याची पद्धत ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. ती प्रतिनिधित्वाची बाब बनते.

हा प्रश्न तपासण्यासाठी पॅकेज व्यवस्थापक हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध येतो. लेखन-संपादक एखादा वापरेल, एखादा वापरणार नाही. परंतु नवी आज्ञावली हवी असो की जुनीतील दोष दूर करावयाचा असो, पॅकेज व्यवस्थापकाच्या दारातूनच जावे लागते. शिवाय तो इंटरनेटवर सर्वाधिक विसंबून असणारा भाग आहे. त्यामुळे जेथे इंटरनेट मंद, महाग किंवा अनिश्चित असते, तेथील वापरकर्त्याची अडचण सर्वप्रथम येथेच प्रकट होते.

पॅकेज व्यवस्थापक : स्वरूप व वाटचाल

वाणिज्य, कला अथवा विज्ञान अशा कोणत्याही शाखेच्या वाचकास ग्रंथालयाच्या उदाहरणाने ही संकल्पना स्पष्ट व्हावी. मध्यवर्ती भांडारात हजारो आज्ञावली 'पॅकेज' या स्वरूपात बांधून ठेवलेल्या असतात. प्रत्येक पॅकेजसोबत त्याची आवृत्ती आणि त्यास लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी असते. एक ग्रंथ मागितल्यावर तो समजण्यास आवश्यक असणारे इतर ग्रंथही ग्रंथपालाने न सांगता आणून द्यावेत, तसे पॅकेज व्यवस्थापक करतो. या परस्परावलंबनाची जुळणी हेच त्याचे खरे काम होय.

डेबियन हा प्रकल्प इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केला. त्यातील 'डीपीकेजी' हे मूळ साधन एकेक पॅकेज बसविते. परस्परावलंबन सोडवून भांडारातून पॅकेज आणणारे 'ॲप्ट' हे साधन १९९९ मधील डेबियन २.१ या आवृत्तीपासून प्रत्यक्ष वापरात आले. 'सिनॅप्टिक' हे त्याचेच चित्रमय रूप. रेड हॅट व फेडोरा यांच्या परंपरेत अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात वाढलेले 'यम' हे साधन दीर्घकाळ चालले. २०१५ मध्ये फेडोरा २२ पासून त्याची जागा 'डीएनएफ'ने घेतली आणि २०२४ मधील फेडोरा ४१ मध्ये 'डीएनएफ-५' आले. भारत सरकारच्या पाठबळाने सी-डॅक, चेन्नई येथे तयार झालेली आणि २००७ मध्ये प्रकाशित झालेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. म्हणजेच शासकीय कार्यालयात अथवा शाळेत 'बॉस' वापरणारी व्यक्ती नकळत ॲप्टचीच वापरकर्ती असते.

अभिप्रायाचा पहिला मार्ग : मोजणी

वापरकर्त्यास काही न विचारता त्याच्या वापराची मोजणी करणे हा पहिला मार्ग. डेबियनमधील 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' हे त्याचे उत्तम उदाहरण होय. प्रणाली बसविताना या मोजणीत सहभागी व्हावयाचे काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे पूर्वनिश्चित उत्तर 'नाही' असे असते. ज्याने होकार दिला, त्याच्या संगणकावरून आठवड्यातून एकदा कोणती पॅकेजे बसविली आहेत आणि त्यांतील कोणती अलीकडे उघडली गेली आहेत, याचा निनावी अहवाल पाठविला जातो. संमतीचे तत्त्व पाळणारी ही पद्धत नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

तथापि हा प्रश्न विचारतानाच असे सांगितले जाते की, वितरणाच्या पहिल्या सीडीवर कोणती पॅकेजे ठेवावीत यांसारख्या निर्णयांवर या आकडेवारीचा प्रभाव पडतो. येथे एक गंभीर विसंगती दिसून येते. डेबियनचा संपूर्ण संच २००० नंतरच्या दशकात डझनाहून अधिक सीडींचा झाला होता. हा संच कोणास लागत असे? ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट होते, तो हवे ते पॅकेज थेट भांडारातून घेत होता. सीडीवर विसंबणारा वापरकर्ता होता तो इंटरनेट नसलेला अथवा तुटपुंजे असलेला. आणि मोजणीचा अहवाल तर इंटरनेटवरूनच जातो. परिणामी पहिल्या सीडीवर काय असावे, यावर प्रभाव पडला तो ज्यांना त्या सीडीची सर्वांत कमी गरज होती त्यांच्या सवयींचा. ज्यांना ती सर्वाधिक हवी होती त्यांची गणनाच झाली नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मोजमापाच्या साधनातच ही उणीव होती.

प्रयोगशाळेच्या संदर्भात ही उणीव अधिक ठळक होते. जिंतूर, गंगाखेड, सेलू अथवा पाथरी येथील एखाद्या महाविद्यालयाची तीस संगणकांची प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणावी. वेळ वाचविण्यासाठी एका संगणकावर प्रणाली बसवून तिची नक्कल उरलेल्या एकोणतीस संगणकांवर उतरविणे, ही सर्वत्र रूढ पद्धत आहे. परंतु मोजणीसाठी प्रत्येक संगणकास दिलेला यादृच्छिक ओळख-क्रमांकही त्या नकलेबरोबर उतरतो. त्यामुळे होकार दिलेला असला तरी तीस संगणक केंद्रीय नोंदीत एकच ठरतात. त्या तीस संगणकांवर पाळीपाळीने बसणारे शेकडो विद्यार्थी तर हिशेबात कोठेच नाहीत. याउलट एखाद्या हौशी तज्ज्ञाच्या घरातील तीन संगणक तीन म्हणून मोजले जातात. संगणक मोजणे आणि माणसे मोजणे यांत असे अंतर आहे.

फेडोराने या प्रश्नाचा काही अंशी विचार केला. पूर्वी तेथे इंटरनेट पत्त्यांवरून अंदाज बांधला जाई. एका पत्त्यामागे अख्खी संस्था असली तरी ती एकच गणली जाई. डीएनएफने प्रत्येक संगणकास स्वतंत्र ओळख-क्रमांक द्यावा, असा प्रस्ताव २०१९ मध्ये पुढे आला. त्यावर खाजगीपणाच्या दृष्टीने आक्षेप घेतले गेले. अखेर २०२० मधील फेडोरा ३२ मध्ये 'काउंट मी' ही वेगळी पद्धत आली. तीत ओळख-क्रमांक नसतो. संगणक आठवड्यातून एकदा भांडाराकडे 'मला मोजा' एवढाच संकेत देतो आणि आपले वय चार ढोबळ गटांपैकी कोणत्या गटात मोडते ते सांगतो. मोजणीच्या साधनावरच वापरकर्त्यांनी अभिप्राय दिला व साधन बदलले, असा हा प्रसंग असल्याने तो उल्लेखनीय आहे. तरीही हा संकेत मध्यवर्ती सेवेकडेच जातो. ज्या संस्थेने इंटरनेटची बचत म्हणून स्वतःच्या आवारातच भांडाराची प्रत ठेवली आणि संगणक तिच्याशी जोडले, तिचा संकेत बाहेर जातच नाही. काटकसर करणारा पुन्हा अदृश्यच राहतो.

मोजणीची आणखी एक मर्यादा तत्त्वतः महत्त्वाची आहे. जे अस्तित्वात आहे त्याचाच वापर मोजता येतो. जे नाही आणि हवे आहे, ते मोजणीत येत नाही. मंद इंटरनेटमुळे ज्याने पॅकेज बसविण्याचा प्रयत्न अर्ध्यावर सोडला, त्याची नोंद 'गरज नाही' अशीच होते.

दुसरा मार्ग : मतदान व गुणांकन

दुसरा मार्ग मतदानाचा. उबुंटूने २००८ मध्ये 'ब्रेनस्टॉर्म' ही योजना सुरू केली. कोणीही कल्पना मांडावी, इतरांनी तिच्या बाजूने अथवा विरोधात मत द्यावे, अशी तिची रचना होती. २०१३ मध्ये ती बंद झाली. त्याच काळात उबुंटूच्या सॉफ्टवेअर सेंटरमध्ये प्रत्येक आज्ञावलीस तारे देण्याची व मत लिहिण्याची सोय आली. २०१६ मध्ये ते केंद्रही मागे पडून त्याच्या जागी दुसरे साधन आले.

मतदानाची पद्धत लोकशाहीची वाटते, म्हणून ती आकर्षक असते. परंतु तिच्यात दोन दोष संभवतात. एक म्हणजे मत देणाऱ्यावर त्या मागणीच्या खर्चाची कोणतीही जबाबदारी नसते आणि मागणी पूर्ण करणारा स्वयंसेवक त्या मताने बांधला जात नाही. हजारो मते मिळूनही कल्पना तशीच पडून राहते आणि मतदात्याचा विश्वास उडतो. दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. मतदानात संख्येला महत्त्व असते, अडचणीच्या तीव्रतेला नसते. दहा हजार वापरकर्त्यांना बटणाचा रंग आवडत नाही आणि शंभर महाविद्यालयांना इंटरनेटविना पॅकेज बसविता येत नाही, या दोन बाबी मतपेटीत समान मापाने मोजल्या जातात. त्यात पहिलीचा विजय ठरलेला असतो.

या ठिकाणी परभणीच्याच अनुभवक्षेत्रातील एक दाखला उद्बोधक ठरतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले. ज्वारीच्या वाणाचे मूल्यमापन केवळ हेक्टरी धान्य-उत्पादनावर करता येत नाही, हे मराठवाड्यातील कोणताही शेतकरी सांगेल. कडबा किती मिळतो, जनावरे तो आवडीने खातात काय, भाकरी कशी होते, दाणा पांढरा राहतो काय, हे सारे तो पाहतो. केवळ क्विंटल मोजणाऱ्यास कडब्याचे महत्त्व कळणार नाही. त्यासाठी बांधावर जाऊन विचारावे लागते. कृषी विस्तार शिक्षण ही स्वतंत्र विद्याशाखा निर्माण झाली ती याच जाणिवेतून. मुक्त स्रोताच्या क्षेत्रात मोजणी आहे, मतदान आहे. परंतु बांधावर जाणारा विस्तार कार्यकर्ता फारच विरळ आहे.

तिसरा मार्ग : तक्रार-नोंद

तिसरा व सर्वांत जुना मार्ग म्हणजे दोषांची व मागण्यांची लेखी नोंद. डेबियनची नोंद-व्यवस्था १९९४ पासूनची असून ती मुख्यतः ई-पत्रांवर चालते. नोंदीस तीव्रतेची श्रेणी असते. अतिगंभीर दोषापासून किरकोळ दोषापर्यंतच्या या उतरंडीत शेवटची श्रेणी 'इच्छासूची' ही आहे. नवी सोय मागावयाची ती या श्रेणीत. या व्यवस्थेचे गुण मोठे आहेत. प्रत्येक नोंद सार्वजनिक असते, तिला क्रमांक असतो, तिच्यावरील चर्चा कोणासही वाचता येते आणि वर्षांनंतरही ती पुसली जात नाही. मोजणीत 'का' या प्रश्नाचे उत्तर नसते. येथे ते असते.

परंतु नोंद कोण करू शकतो, हे पाहिले की मर्यादा स्पष्ट होतात. नोंद इंग्रजीत करावी लागते. आवृत्ती, संदेश, दोष पुन्हा घडविण्याच्या पायऱ्या हे सर्व विशिष्ट शैलीत लिहावे लागते. लिहिणाऱ्याचा ई-पत्ता जगासमोर राहतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि आयुष्यात एकही औपचारिक इंग्रजी पत्र न लिहिलेल्या विद्यार्थ्याकडून ही अपेक्षा करणे म्हणजे त्याला गप्प बसण्यास सांगण्यासारखेच होय. आपले इंग्रजी चुकेल, प्रश्न बाळबोध ठरेल, ही भीती येथे तांत्रिक अज्ञानापेक्षाही अधिक काम करते. अडचण तर खरी असते. ती प्रयोगशाळा-साहाय्यकास मराठीत सांगितली जाते, तो आपल्या परीने काही जुळवाजुळव करतो आणि विषय तेथेच संपतो. अडचणीचे निवारण होते, पण तिचा अभिप्राय होत नाही.

मराठीत बोलणे व मराठीत ऐकणे

या पार्श्वभूमीवर स्थानिकीकरणाच्या कार्याचे मूल्यमापन करावे लागते. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत भारतीय भाषांतील लिनक्सवर काम झाले होते. ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. पुढे सी-डॅक मुंबईच्या 'जनभारती' प्रकल्पाने मुक्त स्रोत आज्ञावलींच्या मराठीकरणाचे काम हाती घेतले. ॲप्टच्या मराठी संदेशसंचिकेत या प्रकल्पाचा उल्लेख नोंदलेला असून ते काम २००८ च्या सुमाराचे आहे. पुण्यातील रेड हॅटच्या पुढाकाराने त्याच वर्षी 'फ्यूएल' हा उपक्रम सुरू झाला. पडद्यावर वारंवार येणाऱ्या संज्ञांना प्रत्येक भाषेत एकच प्रमाण पर्याय असावा आणि तो भाषकांच्या सामूहिक चर्चेतून ठरावा, ही त्यामागील भूमिका होती. या सर्व कार्याचे ऋण मान्य केले पाहिजे. शासकीय मराठीकरणाच्या अनेक योजना कागदावरच राहिल्या असताना, दूरच्या स्वयंसेवी प्रकल्पातील एक अत्यंत तांत्रिक साधन मराठीत संदेश देऊ लागले, ही सामान्य घटना नव्हे.

तथापि या कार्याची दिशा एकेरी राहिली. संदेश इंग्रजीतून मराठीत आले. मराठीतून परत काही गेले नाही. 'अवलंबित्व', 'तुटलेले पॅकेज', 'भांडार' यांसारखे शब्द पडद्यावर पाहून पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास काय समजले, हे अनुवादकापर्यंत नेणारी वाट नव्हती. 'तुटलेले पॅकेज' हा शब्दप्रयोग पाहून सीडी खराब झाली असे कोणी समजले, तर तो दोष विद्यार्थ्याचा नव्हे. परस्परावलंबनाची जुळणी न झाल्याची ती स्थिती आहे, हे त्या शब्दातून कळत नाही. फ्यूएलची सामूहिक चर्चेची पद्धत या दृष्टीने योग्यच होती. परंतु तिच्यात सहभागी होणारे बहुधा भाषातज्ज्ञ, अनुवादक व तंत्रज्ञ होते. प्रयोगशाळेतील नवशिका वापरकर्ता त्या मेजावर आणणे ही पुढची पायरी ठरली असती.

या उलट दिशेचे एक आशादायक उदाहरण मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पात आढळते. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पाने मुक्त स्रोत आज्ञावलींचे सुमारे दहा मिनिटांचे दृक्-श्राव्य पाठ तयार केले. सिनॅप्टिक पॅकेज व्यवस्थापकावरही त्यांत पाठ आहे आणि पाठांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. शिकणाऱ्याने शंका विचारताना ती पाठाच्या कोणत्या मिनिटास व सेकंदास आली, हे नोंदविण्याची सोय तेथे आहे. ही बाब वरवर लहान वाटते, परंतु अभिप्रायशास्त्राच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. 'मला हे समजत नाही' असे मोघम म्हणणाऱ्या नवशिक्यास आपली अडचण नेमकी दाखविता येते. त्यासाठी पारिभाषिक शब्द माहीत असावे लागत नाहीत. पॅकेज व्यवस्थापकाच्या निर्मात्यांनी या पद्धतीपासून बोध घेण्यासारखा आहे.

गरजेतून आलेल्या सोयी

वापरकर्त्याची गरज निर्मात्यापर्यंत पोहोचली, तर काय घडते, याचीही उदाहरणे आहेत. भारतीय डेबियन विकासक रितेश राज सर्राफ यांनी तयार केलेले 'ॲप्ट-ऑफलाइन' हे त्यांपैकी पहिले. इंटरनेट नसलेल्या संगणकावर आपल्याला काय हवे याची एक छोटी नोंदसंचिका तयार करावयाची, ती इंटरनेट असलेल्या कोणत्याही संगणकावर न्यावयाची, तेथे आवश्यक ती पॅकेजे उतरवून घ्यावयाची आणि परत आणून मूळ संगणकावर बसवावयाची, अशी ही त्रिपदी आहे. उतरविताना त्या पॅकेजांविषयीच्या दोष-नोंदीही सोबत आणता येतात. भारनियमन व मंद जोडणी अनुभवलेल्या मराठवाड्यातील प्रयोगशाळांना या सोयीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. यातील लक्षणीय बाब अशी की, दुसरा संगणक लिनक्सचाच असावा अशी अट नाही. शहरातील सायबर कॅफेत विंडोज असते, हे वास्तव त्यात गृहीत धरले आहे. असे वास्तव केवळ मोजणीतून हाती लागत नाही.

दुसरे उदाहरण फेडोरातील 'डेल्टा' पद्धतीचे. संपूर्ण नवे पॅकेज उतरविण्याऐवजी जुन्या व नव्या आवृत्तीतील फरक तेवढाच उतरवावयाचा, ही कल्पना 'प्रेस्टो' या नावाने यममध्ये आली. लेबनॉनमधील शाळेत काम करणाऱ्या जोनाथन डायटर यांनी ती विकसित केली आणि २००९ मधील फेडोरा ११ मध्ये ती सर्वांना मिळाली. अपुऱ्या इंटरनेटवर शाळेचे संगणक चालविणाऱ्याची गरज जगाची सोय झाली. परंतु २०२४ मधील फेडोरा ४० पासून असे फरक-पॅकेज तयार करणे थांबविण्यात आले. त्यामागील कारणे तांत्रिकदृष्ट्या अयोग्य नाहीत. फरक-पॅकेज प्रत्यक्षात क्वचितच उपलब्ध असे, जुळणी फसल्यास पूर्ण पॅकेज पुन्हा उतरवावे लागे आणि बचत अल्प ठरे. प्रश्न निर्णयाचा नाही, तर त्या निर्णयाच्या वेळी कोण उपस्थित होते याचा आहे. ज्यांच्यासाठी ती अल्प बचतही मोलाची होती, ते त्या चर्चेत होते काय? नसतील, तर ते का नव्हते?

आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, पॅकेज व्यवस्थापकाचे निर्माते बव्हंशी स्वयंसेवक असतात. त्यांनी जगातील प्रत्येक भाषेत ऐकावे ही अपेक्षा अवास्तव आहे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून एवढेच सिद्ध होते की, ऐकण्याचे ओझे एकट्या निर्मात्यावर टाकता येणार नाही. मधली संस्था हवी. दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. अभिप्रायाच्या नावाखाली वापरकर्त्यावर पाळत ठेवली जाईल, ही भीती निराधार नाही. फेडोराच्या वर्कस्टेशन आवृत्तीत वापराची माहिती गोळा करण्याचा २०२३ मधील प्रस्ताव तीव्र विरोधामुळे त्या स्वरूपात पुढे जाऊ शकला नाही. मात्र येथे सुचविलेला मार्ग गुप्त मोजणीचा नसून उघड संवादाचा आहे. तिसरा आक्षेप असा की, आता मोबाइलमुळे इंटरनेट सर्वदूर पोहोचले असून जुन्या अडचणी इतिहासजमा झाल्या आहेत. विद्यार्थ्याच्या खिशातील जोडणी वाढली हे खरे. परंतु प्रयोगशाळेतील तीस संगणक एकाच वेळी अद्ययावत करण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि भाषेचा प्रश्न तर जोडणीच्या वेगाने सुटणारच नाही.

महाविद्यालयाची भूमिका

या विवेचनातून जबाबदारीचा काही भाग महाविद्यालयांकडेच येतो. मुक्त स्रोत म्हणजे फुकट मिळणारी वस्तू, अशी धारणा अध्यापकवर्गातही दृढ आहे. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करू नये, हा आपल्याकडील संकोच त्या धारणेला बळ देतो. वस्तुतः मुक्त स्रोतात अभिप्राय देणे हीच वर्गणी होय. प्रयोगशाळेत हजेरीची वही असते, जडसंग्रह नोंदवही असते. विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत अडचणी लिहाव्यात अशी वही असण्यास कोणताही खर्च येत नाही. सत्राअखेर संगणकशास्त्राच्या अध्यापकांनी त्या नोंदींचे वर्गीकरण करावे, भाषा विभागाने त्यांचे इंग्रजी रूप सिद्ध करावे आणि त्यांतील निवडक नोंदी संबंधित प्रकल्पाकडे महाविद्यालयाच्या नावाने पाठवाव्यात. यामुळे विद्यार्थ्याचा ई-पत्ता उघड होत नाही, त्याच्या इंग्रजीची परीक्षा होत नाही आणि त्याची अडचण मात्र नोंदीचा क्रमांक मिळवून जगाच्या दप्तरात दाखल होते. आंतरविद्याशाखीय कार्याची चर्चा परिसंवादांतून पुष्कळ होते. संगणक व भाषा या दोन विभागांनी एकत्र येण्याचे याहून स्वाभाविक निमित्त शोधून सापडणार नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी आपापल्या वह्या एकत्र केल्यास नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांचा एक सुसंगत अभिप्राय उभा राहू शकतो.

निष्कर्ष

१. मोजणीची पद्धत इंटरनेट असलेल्यांच्या सवयी नोंदविते. ज्यांच्या गरजा तीव्र आहेत पण जोडणी तुटपुंजी आहे, ते तिच्यातून वगळले जातात.

२. मतदानात मागणीची संख्या कळते, अडचणीची तीव्रता कळत नाही.

३. तक्रार-नोंद ही गुणवत्तेच्या दृष्टीने सर्वश्रेष्ठ पद्धत असली, तरी इंग्रजी भाषा व विशिष्ट लेखनशैली यांच्या अटीमुळे मराठी माध्यमातील विद्यार्थी तिच्यापासून दूर राहतो.

४. पॅकेज व्यवस्थापकाचे मराठीकरण हे मोलाचे कार्य असले, तरी अभिप्रायाच्या उलट प्रवाहाअभावी ते अपूर्ण राहिले आहे.

५. 'ॲप्ट-ऑफलाइन' व 'प्रेस्टो' या सोयी अडचण अनुभवलेल्या व्यक्तींकडून आल्या. अशा व्यक्ती निर्मितीच्या वर्तुळात असणे हा योगायोग न राहता ती व्यवस्था बनली पाहिजे.

६. ही व्यवस्था उभी करण्यास ग्रामीण महाविद्यालय हे सर्वांत योग्य मध्यस्थ आहे.

समारोप

एखाद्या सोयीविषयी मराठवाड्यातून एकही नोंद आली नाही, याचा अर्थ मराठवाड्यास ती सोय नको आहे असा होत नाही. मौन ही संमती नव्हे आणि समाधानही नव्हे. विचारणाऱ्याने आपल्या भाषेत व आपल्या सोयीने विचारले, की उत्तर देणाऱ्यांचे वर्तुळ आपोआप आखले जाते आणि वर्तुळाबाहेरचा वापरकर्ता नसल्यातच जमा होतो. पॅकेज व्यवस्थापक प्रत्येक पॅकेजचे अवलंबित्व शोधून त्याची पूर्तता केल्याशिवाय पुढे जात नाही. त्याच्या निर्मितीप्रक्रियेनेही आपण ज्यांच्यावर अवलंबून आहोत त्या सर्व वापरकर्त्यांचा शोध घ्यावा, आणि तो शोध सुकर व्हावा म्हणून महाविद्यालयांनी आपली वही उघडावी, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावयाची आहे.